पाव सेकंदाचा हात

रंजनाच्या उजव्या हाताची तीन बोटं मशिनीत गेली, ही बातमी शालनला कळली तेव्हा ती कागलच्या दवाखान्यात डोळ्यांत औषध घालून बाकावर बसली होती. आणि खोटं कशाला सांगा, तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते 'बरं झालं' असंच आलं. मग तिनं जीभ चावली, देवाचं नाव घेतलं, सगळं रीतसर केलं. पण आधी जे आलं ते आलंच.

रंजना म्हणजे तिची सख्खी धाकटी जाऊ. दोघींची घरं एकाच अंगणात, आणि अंगणाच्या मधोमध रंजनानं घालून घेतलेली छातीएवढी भिंत. नोकरीला दोघी एकाच कारखान्यात, 'शिवारगोडी'मध्ये, गुळाच्या वड्या पाडायला. चार वर्षांत दोघींत सरळ शब्द नव्हता. नुसता अबोला असता तरी परवडला असता. शालन कुत्र्याला 'हाड' म्हणायची ती पलीकडं ऐकू जाईल अशा बेतानं, आणि रंजना भांडी आपटायची ती कुणाच्या नावानं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

हे वैर सुरू झालं एका मोटरीपायी. हसू नका, जमिनीच्या तुकड्यापायी होतं तसंच मोटरीपायीही होतं.

वडी पाडायची मशीन साधी असते. खाली चौकटींचा साचा, त्यात कोमट गूळ, आणि वरून येऊन गूळ दाबणारा लोखंडी दट्ट्या. हा दट्ट्या हलवायला तेव्हा स्टेपर मोटर होती. स्टेपर पावलं मोजत चालते, एका फेऱ्याला दोनशे पावलं. चारशे पावलं चाल म्हटलं की चारशे चालते आणि हूं की चूं न करता थांबते. स्वस्त, गरीब, सांगितल्या कामाची. पण तिला डोळे नाहीत. मध्ये काही आडवं आलं तर ती जागच्या जागी टर्रर्र करते आणि मोजणी मात्र पुढं रेटते. चारशे मोजून झाली की तिच्या हिशेबी ती पोचली. प्रत्यक्षात दट्ट्या बोटभर वरच अडकलेला, आणि पुढची प्रत्येक वडी वाकडी.

गूळ आडवा यायचाच. हवा दमट झाली की गूळ पाझरतो, साच्याच्या कडेला चिकटतो. कागदावरचा नियम असा, की मशीन थांबवायची, लाकडी पट्टीनं कडा खरवडायची, मोटर मुळापासून पुन्हा मोजायला लावायची. तीन मिनिटं गेली. शालननं त्यावर आपली तोड काढली होती. दट्ट्या खाली येताना त्याच्या कडेवर उजव्या हातानं एक थाप मारायची, त्याच हाताच्या तळव्यानं चिकटलेली वडी खाली दाबायची आणि दट्ट्या हाताला टेकतो न टेकतो तोच हात बाहेर घ्यायचा. थाप, दाब, बाहेर. पाव सेकंदाचं काम. हात नाही निघाला तर? तर काय, स्टेपर टर्रर्र करायची आणि बोटं जरा लाल व्हायची. तिच्यात बोट तोडायचा जोरच नव्हता. शालनच्या मशिनीवर दिवसाला सगळ्यांपेक्षा सहाशे वड्या जास्त पडायच्या, त्या ह्या थापेच्या जोरावर.

चार वर्षांपूर्वी रंजनानं मॅनेजर घाटग्यांना जाऊन सांगितलं, ''अक्का मशिनीत हात घालत्यात.'' शालनला आठ दिवस घरी बसवलं, पुन्हा हात घालणार नाही असं लिहून घेतलं, आणि महिन्याभरानं सुपरवायझरची जागा रंजनाला मिळाली. शालन तिच्यापेक्षा सात वर्षांनी जुनी. त्या दिवसापासून भिंत.

आणि शालननं थाप सोडली का? नाव नको. कुणी बघत नाही असं पाहून ती मारतच राहिली. चौदा वर्षांचा हात काय कागदावर सही केल्यानं बदलतो?

दीड वर्षापूर्वी नवी मोटर आली. बसवायला पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर आला, अद्वैत सोहोनी नावाचा. तिशीचा, गोरापान, बोलायला लागला की समोरचा माणूस आहे की खांब आहे हे न बघता बोलत राहणारा. त्यानं सगळ्या बायकांना गोळा केलं.

''ही सर्वो मोटर,'' तो म्हणाला. ''तुमची जुनी मोटर मोजत चालायची. ही बघत चालते. हिच्या पाठीला एक चकती आहे, एन्कोडर म्हणतात. मी आत्ता नेमकी कुठं आहे, हे ती सेकंदाला हजारो वेळा विचारते. असायला हवं तिथून केसभर मागं पडली, की ओळखते आणि तेवढा जोर वाढवते. ही पोचले म्हणाली म्हणजे पोचलेली असते.''

''आणि मधे कोण आलं तर?'' शालननं विचारलं.

''वा! हाच खरा प्रश्न,'' सोहोनी खुलला. ''साधी सर्वो जोर वाढवत गेली असती. पण ही जाणती आहे. आडव्या आलेल्या प्रत्येक वस्तूनं मोटरीच्या करंटमध्ये एक वेगळी लाट उठते. गुळाची वेगळी, लोखंडाची वेगळी, माणसाच्या हाताची वेगळी. ही लाटा ओळखते. रोज कामावर शिकते. जे अडथळे आपोआप सुटतात ते लक्षात ठेवते, त्यांच्यासाठी थांबत नाही. बाकी कशाहीसाठी जागच्या जागी थांबते.''

मग त्यानं खिशातून एक वेलची केळं काढलं, सोललं आणि साच्यात ठेवलं. दट्ट्या सपकन खाली आला आणि केळ्याला टेकून थांबला. केळ्यावर ओरखडा नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सोहोनीनं ते केळं तिथंच उभ्या उभ्या खाल्लं.

दुसऱ्या दिवशी घाटग्यांनी मशिनीपुढची जाळी काढून टाकली. मोटरच जाणती, मग जाळी कशाला? जाळी उघडझाप करण्यात वेळ जातो. बायकांनी तेव्हापासून जुनीला आंधळी आणि नवीला जाणती अशी नावं ठेवली.

जाणतीच्या आणखी एका गोष्टीचा मोठा गाजावाजा होता. ती सगळं लिहून ठेवायची. कुठल्या क्षणी काय आडवं आलं, किती जोर लागला, सगळं. असल्या मोटरी गावोगावच्या कारखान्यांत झाल्यावर कायदाच निघाला होता, की अपघाताच्या चौकशीत मोटरीची नोंद साक्ष म्हणून धरायची. लोक त्याला 'मोटरीचा जबाब' म्हणायचे. माणूस खोटं बोलेल, मोटर कशाला बोलेल?

रंजनाच्या अपघातात मोटरीनं जबाब दिला तो असा: अनोळखी अडथळा आढळला नाही. दट्ट्या नेहमीप्रमाणे चालला.

कारखान्याला एवढं पुरलं. हात आडवा असता तर मोटर थांबली असती. थांबली नाही, त्याअर्थी हात आडवा नव्हताच, बाईनं अगदी शेवटच्या क्षणी मुद्दाम खुपसला. आठवड्याच्या आत सगळ्या कागलात झालं की रंजीनं भरपाईसाठी स्वतःची बोटं तोडून घेतली. शालननं ते चार जणींच्या तोंडून ऐकलं आणि एकीलाही 'गप बस' म्हणाली नाही.

पंधराव्या दिवशी घाटग्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सोहोनी तिथं संगणक उघडून बसला होता.

''शालनताई, बुधवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर चौकशीला येतायत,'' घाटगे म्हणाले. ''अपघात तुमच्या मशिनीवर झाला. तुम्ही रजेवर, म्हणून ऑर्डर पुरी करायला रंजना स्वतः उभी राहिली. तुम्ही एवढंच सांगायचं, की मशीन चांगली आहे, दीड वर्षात तुम्हाला कधी त्रास नाही. आणि रंजनाबाईंचा स्वभाव… जरा धसमुसळा. तुम्ही घरच्या. तुमच्या शब्दाला वजन आहे.''

शालन समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकली.

''सुपरवायझरची जागा आता रिकामीच आहे,'' घाटगे म्हणाले.

चार वर्षं ज्या खुर्चीकडं बघून तिनं दात खाल्ले होते ती खुर्ची अशी ताटात वाढून आली. ती आपल्याला हवी आहे, हे शालननं स्वतःशी कबूल केलं. ती हो म्हणणारच होती. पण सोहोनीला गप्प बसवेना.

''तुमची मशीन चांगली म्हणजे काय, सर्वोत्तम आहे,'' तो म्हणाला. ''हे बघा.'' त्यानं पडदा तिच्याकडं फिरवला. एक सरळ रेघ होती आणि रेघेवर जागोजागी बारकी टेंगळं. ''हा चिकट गूळ. दिवसाला चाळीस-पन्नास वेळा आडवा येतो आणि पाव सेकंदात आपोआप सुटतो. आधी एक टोकदार झटका, मग मऊ दाब, मग मोकळं. मोटर हे इतकं छान शिकलीय की ती आता थांबतच नाही. अपघाताच्या वेळी हीच लाट आली होती. म्हणजे गूळच होता. त्यात मोटरीचा काय दोष?''

शालननं पडदा निरखला. आधी एक टोकदार झटका. मग मऊ दाब.

''ही तारखांची ओळ हाय न्हवं?'' तिनं विचारलं. ''फाल्गुनात बघा. होळीच्या मागनं.''

सोहोनीनं रेघ सरकवली. होळीनंतरचे आठ दिवस रेघ सपाट होती. एक टेंगूळ नाही.

''त्या आठवड्यात हवा कोरडी असेल,'' तो म्हणाला.

हवा कोरडी नव्हती. ते आठ दिवस शालन निपाणीला पोरीच्या बाळंतपणाला गेली होती. तिच्या जागी जी बाई उभी होती ती नियमानं मशीन थांबवून पट्टीनं खरवडायची.

ते टेंगूळ गुळाचं नव्हतं. तो तिचा हात होता. दीड वर्ष, दिवसाला पन्नास वेळा, ती त्या जाणतीला शिकवत आली होती, की थाप बसली आणि मऊ काही लागलं तर थांबू नकोस बाई, ते आपलं आपण निघतं.

''ह्या मशिनीचं शिक्षण आम्ही सगळीकडं उतरवलंय,'' सोहोनी अभिमानानं सांगत होता. ''सांगली, बारामती, पलीकडं बेळगाव. एक्केचाळीस कारखाने. सगळ्या मोटरी आता तुमच्या मोटरीइतक्या हुशार.''

''बुधवारी येते,'' एवढंच बोलून शालन उठली.

त्या दिवशी संध्याकाळी, चार वर्षांत पहिल्यांदा, ती भिंतीला वळसा घालून रंजनाच्या दारात गेली. रंजना पायरीवर बसली होती. उजवा हात मनगटापासून पांढऱ्या गाठोड्यात.

''बघायला आलीस?'' रंजना म्हणाली. ''बघ. पोट भरून बघ.''

''हात कसा घातलास ते सांग.''

''कशाला? साहेबाला सांगायला? सांगितलंय की त्येंनी गावाला, मी मुद्दाम घातला म्हणून.''

''रंजे, वाकड्यात शिरू नको. नुसतं सांग. थाप मारली हुतीस का?''

रंजनानं तिच्याकडं बघितलं. मग फणकाऱ्यानं तोंड फिरवलं. ''घाटग्या सकाळधरनं डोक्यावर बसलेला. शालनच्या मशिनीवर इतकं पडतंय, तुझ्या हातनं का पडंना? शालन करते तसं कर. म्हणून केलं. तुझ्यासारखं. थाप, दाब.'' तिनं गाठोडं मांडीवर ओढून घेतलं. ''हातमोजा चिकटला गुळाला. हात निघंना. मी म्हटलं, जाणती हाय, थांबंल. ती थांबलीच न्हाई गं.''

शालनला सांगायचं होतं की ती का थांबली नाही. ओठांपर्यंत आलं होतं. मोटर हात निघायची वाट बघत होती, रंजे. माझा निघायचा, तसा तुझाबी निघंल म्हणून. पण ज्या बाईनं आपली तक्रार केली, तिच्याच पायरीपाशी उभं राहून हे कसं सांगायचं?

''माझी चुगली करणारी तू,'' ती एवढंच म्हणाली, ''आणि शेवटी माझीच थाप मारलीस.''

''चल नीघ,'' रंजना म्हणाली. ''नीघ माझ्या दारातनं.''

दोन रात्री शालनला झोप नाही. बोलावं तर काय? हात घालणार नाही म्हणून तिची सही होती. मोटरीला वाईट वळण लावलं म्हणून नोकरी जाणार, आणि वर ती तीन बोटं तिच्याच माथी. गप्प बसावं तर खुर्ची. रंजीसाठी तर तिनं बोट उचललं नसतं, हे तिनं देवापुढंही सांगितलं असतं. पण बेळगावात, बारामतीत एकेक बाई असेल. गूळ चिकटेल, घाई असेल, वर कुणीतरी घाटग्या बसलेला असेल, आणि ती कधी तरी थाप मारेलच. शालनसारखी सोळा वर्षं आंधळीवर तयार झालेली नसेल ती.

बुधवारी इन्स्पेक्टर आल्या. नलावडे नावाच्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. मशिनीभोवती सगळे जमले. रंजनालाही बोलावलं होतं. ती खांबाला टेकून उभी होती. सोहोनीनं दोन केळी आणली होती. एक सोलून त्यानं साच्यात ठेवलं. दट्ट्या आला, केळ्याला टेकला, थांबला.

''बघितलंत मॅडम?'' घाटगे म्हणाले. ''ह्यापेक्षा जास्त काय पुरावा? शालनताई, तुम्ही सांगा.''

शालन पुढं झाली. ''मला दुसरं केळं द्या.''

''सांगायचंय फक्त,'' घाटगे हळूच म्हणाले.

''सांगतेच की.''

तिनं दुसरं केळं सोललं आणि साच्यात आडवं ठेवलं. मशीन सुरू केली. दट्ट्या खाली यायला लागला तशी तिनं त्याच्या कडेवर थाप मारली, कोपऱ्यातला गूळ तळव्यानं दाबला आणि हात बाहेर घेतला. इतक्या झटक्यात की मागच्यांना नीट दिसलंही नाही.

दट्ट्या थांबला नाही. तो केळ्यातून सरळ खाली गेला. पचकन आवाज झाला आणि साच्याच्या चारी बाजूंनी पांढरा चिखल बाहेर आला. एक शिंतोडा सोहोनीच्या शर्टावर उडाला. तो पुसायचं त्याला सुचलं नाही.

रंजनाच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज निघाला आणि ती खाली बसली.

''हा माझा हात,'' शालन म्हणाली. ''दीड वर्ष ह्यो मोटरीला लागतोय. तिला वाटतंय ह्यो गूळ हाय. थाप बसली की मऊ काय बी असू दे, ती थांबत न्हाई. माझा हात निघायचा, म्हणून तिला कळलं की निघतोय. रंजनाचा निघाला न्हाई. तिनं मुद्दाम काय केलं न्हाई. मी नेमाविरुद्ध हात घालत हुते, तसं लिहून दिल्यावर सुद्धा घालत हुते. मी रजेवर हुते तेवढं आठ दिवस बघा ह्या साहेबाच्या रेघंत. टेंगूळ न्हाई.''

''ह्यांनी स्वतः कबूल केलंय मॅडम,'' घाटगे तावातावानं म्हणाले, ''दोष कारखान्याचा नाहीच…''

''जाळी कुणी काढली?'' नलावडे बाईंनी विचारलं.

''आणि एक्केचाळीस जागी हेच शिक्षण दिलंय ह्येंनी,'' शालन म्हणाली. ''ती बंद करा आधी. माझं काय करायचं ते मागनं करा.''

सोहोनी खाली मान घालून फोन लावत होता. त्याची बोटं दहाच्या दहा होती. शालनला त्याची कीव आली नाही. नलावडे बाई लिहीत राहिल्या. तिथल्या तिथं त्यांनी मशिनीला सील लावलं, आणि दुपारी घाटग्यांनी शालनच्या हातात निलंबनाचं पत्र ठेवलं.

घरी जाताना वडापची एकच जीप मिळाली, म्हणून दोघी जावा एकाच बाकावर बसल्या. मध्ये कुणाची तरी भाजीची पिशवी होती.

गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर रंजना म्हणाली, ''उपकार केलेस व्हय माझ्यावर?''

''तुझ्यासाठी केलं न्हाई.''

''ते कळतंय मला.'' रंजना दोन पावलं पुढं गेली आणि वळली. ''म्हंजे तुझ्या हातानं गेली माझी बोटं.''

''व्हय,'' शालन म्हणाली.

तिला वाटलं आता रंजना शिव्या घालेल, केस ओढेल. तिनं ओढावेत असं तिला वाटत होतं. पण रंजनानं पाठ फिरवली. ती आपल्या फाटकापाशी गेली आणि डाव्या हातानं कडी काढायला लागली. कडी जुनी, घट्ट. एका हातानं फाटक उचलल्याशिवाय दुसऱ्या हातानं निघायची नाही. रंजनानं गुडघा लावून बघितला. गाठोडं बांधलेला हात लावून बघितला आणि कळवळली. पुन्हा डावा हात लावला.

शालननं पुढं होऊन फाटक उचलायला हात घातला.

''हात काढ,'' रंजना दात-ओठ खात म्हणाली आणि सगळ्या अंगाचा भार देऊन फाटक धाडकन ढकललं.

लोखंड लोखंडावर आपटलं. शालनचा हात तोवर केव्हाच बाहेर आला होता. तो नेहमी वेळेवर निघायचा. अंगणात उभं राहून ती किती तरी वेळ आपल्या तळव्याकडं बघत राहिली, आणि पलीकडं रंजना एका हातानं भांडी आपटायला लागली.